पाहुणा पशुवैद्यक आणि करुणेचा अधिकार

दूरच्या उष्ण प्रदेशात काही दिवसांसाठी जाऊन तेथील जनावरांवर विनामूल्य उपचार करण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. शीत हवामानाच्या देशांतील पशुवैद्यक आणि पशुवैद्यकशास्त्राचे विद्यार्थी आशिया-आफ्रिकेतील खेड्यांत जातात, आणि त्याच धर्तीवर भारतातही शहरांतील पदवीधर आदिवासी भागांत शिबिरे भरवतात. अशा जाण्यायेण्याचा विचार करण्यासाठी नंदुरबार जिल्हा विशेष उपयुक्त आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून बनलेला हा जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे भूगोलाच्या अर्थाने उष्णकटिबंधातच आहे. आणि त्याच्या अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील सातपुड्याचे पाडे भाषा, दैवते, अन्न आणि ऋतूंनुसार चालणारे व्यवहार या सर्व बाबतींत इतके वेगळे आहेत की मुंबई-पुण्याहून तेथे पोहोचणारा मनुष्यही परमुलखातच पोहोचतो. येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न असा की, अशा परमुलखात येणाऱ्या पशुवैद्यकाला तेथील जनावराच्या दुःखात हात घालण्याचा अधिकार कशामुळे प्राप्त होतो. 'अधिकार' हा शब्द येथे मीमांसाशास्त्रातील अर्थाने घ्यावयाचा आहे: एखादे कर्म करण्याची पात्रता, आणि त्या कर्माच्या फळाशी कर्त्याचा असलेला संबंध, अशा दोन्ही गोष्टी त्यात येतात. कायद्याच्या अर्थाने हा प्रश्न लवकर सुटतो, कारण १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच व्यवसाय करता येतो आणि परदेशी पाहुण्यालाही त्यातून सूट नाही. धर्माच्या अर्थाने मात्र तो सुटत नाही.

मराठी मनात या प्रश्नाचे एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. काशीहून कावडीने रामेश्वराला नेलेली गंगा एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही आख्यायिका महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते, आणि परक्या, तापलेल्या भूमीत पोहोचलेल्या प्रवाशाने मुक्या जीवाच्या वेदनेपुढे आपले ठरलेले कार्य बाजूस ठेवावे, असा तिचा अर्थ सांगितला जातो. तो अर्थ खराच आहे. परंतु त्या कथेतील गाढवाला धनी नाही. निदान कथा त्याचा उल्लेख करीत नाही. पाणी एकनाथांचे स्वतःचे होते, आणि त्या कृत्यात काही गमावले असेल तर ते एकट्या एकनाथांनीच. सातपुड्यातील शेळी अशी एकाकी नसते. तिला धनी असतो, धन्याला कर्ज असते, घराला कुलदैवत असते, आणि त्या दैवताला बोललेला नवसही पुष्कळदा असतो. पाहुण्याने केलेल्या चुकीचा भुर्दंड पाहुण्याला पडत नाही. तो त्या घराला पडतो. म्हणून एकनाथांची कथा करुणेची प्रेरणा शिकवण्यास पुरेशी असली, तरी करुणेचा अधिकार ठरवण्यास ती पुरत नाही.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा, तडवी, वसावे आणि दक्षिणेकडील नवापूर भागातील मावची व कोकणा या समाजांच्या घरी जनावर काय असते, हे येथे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. उताराच्या, दगडगोट्यांच्या शेतात बैलाला पर्याय नाही, त्यामुळे बैल दगावला की त्या हंगामाची पेरणीच धोक्यात येते. शेळी आणि कोंबडी ही घरातील रोकड असते. आजारपणात, लग्नात, किंवा मजुरीसाठी परगावी निघताना ती आठवडे बाजारात विकली जाते. याच जनावरांचा देवाधर्मातही वाटा आहे. गुजरातेतील सागबारा तालुक्यात देवमोगरा येथे असलेल्या याहामोगी मातेच्या यात्रेला महाशिवरात्रीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातून मोठा समुदाय जातो आणि नव्या धान्याबरोबर कोंबडी-बकऱ्याचा मान देवीला देतो. पावरा आणि भिल्ल समाजांतील इंदल या विधीत कळंबाच्या फांद्या पूजेला लागतात, तसेच बळीही लागतो. वाघदेवाची पूजा तर गुरांच्या रक्षणासाठीच होते, आणि गुरांचा भक्षक असलेल्या वाघालाच त्यांचा रक्षक म्हणून विनवणारी ही पूजा, हिंस्र आणि पाळीव यांना एकाच व्यवस्थेत बसवण्याचा फार खोल विचार आहे. पाहुणा पशुवैद्यक येतो तो धर्माच्या या घट्ट विणलेल्या संबंधांमध्ये. तेथील जनावर त्याच्या येण्याआधीपासून कोणाच्या तरी कर्तव्याचा विषय असते.

या संबंधांत वैद्याची जागा कोठे, हे सांगणारे एक जुने आणि अत्यंत नेमके प्रतिपादन चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. तेथे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी, आणि यांतील प्रत्येकाचे चार गुण मोजले आहेत. वैद्याचे गुण म्हणजे शास्त्राचे स्वच्छ ज्ञान, अनेकदा पाहिलेल्या व केलेल्या कर्माचा अनुभव, दक्षता आणि शुचिता. परिचारकाच्या गुणांत दक्षता आणि शुचिता यांबरोबर सेवेचे ज्ञान आणि 'अनुराग', म्हणजे रोग्याविषयीची माया, यांचा समावेश होतो. ही विभागणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे, कारण माया हा गुण या यादीत वैद्याकडे न मागता रोग्याजवळ राहणाऱ्याकडे मागितला आहे. रोग्याच्या गुणांत स्मरणशक्ती, सांगितलेले पाळण्याची वृत्ती आणि निर्भयता यांच्यासह 'ज्ञापकत्व', म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येणे, हा गुण येतो. पशुचिकित्सेत हे चारही गुण रोग्याकडे नसतात. गाय आपल्या वेदनेचा इतिहास सांगत नाही, औषधाची वेळ पाळत नाही, आणि परक्याचा हात लागताच घाबरते. हे चारही गुण तिच्या धन्याला, बहुतेक वेळा घरातील बाईला किंवा गुरे चारणाऱ्या मुलाला, स्वतःकडे घ्यावे लागतात. सातपुड्यातील पाड्यावर चिकित्सेच्या चार पादांपैकी अशा रीतीने दोन पाद एकाच माणसात असतात, आणि तो माणूस वैद्य नसतो.

येथून जो निष्कर्ष निघतो तोच या विवेचनाचा गाभा आहे. बाहेरून येणारा पशुवैद्यक आपल्याबरोबर करुणा घेऊन येतो अशी त्याची आणि त्याला पाठवणाऱ्यांची समजूत असते; वस्तुतः माया त्या घरात आधीपासून आहे, आणि उणीव असलीच तर ती ज्ञानाची, औषधाची आणि अनुभवी हाताची आहे. म्हणून पाहुण्याचा अधिकार त्याच्या भावनेच्या तीव्रतेतून निर्माण होत नाही. आधीपासून चालू असलेल्या सेवेत तो आपला एक पाद किती सचोटीने भरतो, त्यावर तो अवलंबून राहतो. या कसोटीने पाहिले असता अशा दौऱ्यांतील काही गोष्टी स्पष्टपणे अधर्म्य ठरतात. शस्त्रक्रियेचा हात बसावा म्हणून विद्यार्थ्यांना गरिबांच्या जनावरांवर पुरेशा देखरेखीशिवाय सोडणे ही त्यांपैकी सर्वांत गंभीर गोष्ट होय. चरकाने वैद्यासाठी अनुभवाची अट घातली आहे, आणि तो अनुभव कोठे तरी मिळवावाच लागतो हे मान्य केले, तरी ज्याला नकार देण्याची सवय नाही आणि नुकसानीची दाद मागण्याची सोय नाही, अशाच्या गोठ्यात तो मिळवणे म्हणजे दानाच्या नावाखाली घेणे होय.

ज्ञापकत्व धन्याकडे असल्यामुळे भाषेचा प्रश्नही केवळ सोयीचा राहत नाही. जिल्ह्यात भिली, पावरी, देहवाली, मावची, कोकणी अशा अनेक बोली बोलल्या जातात, आणि प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पाहुण्याचा मान राखण्यासाठी मिळालेला होकार हे लक्षण समजून निदान केले, तर ते निदान रोगाचे नसून शिष्टाचाराचे असते. गावात पूजेचे आणि उपचाराचे काम करणारा बडवा किंवा भगत पुष्कळदा आधी बोलावला गेलेला असतो. त्याने काय दिले, कोणती मुळी उगाळून लावली, हे विचारणे आवश्यक असते, आणि ते अशा स्वरात विचारावे लागते की उत्तर लपवण्याची गरज घरातल्या कोणाला वाटू नये. वडीलधाऱ्या बाईशी आदराने बोलून तिच्याकडून जनावराची हकिकत ऐकून घेण्यात जो वेळ जातो, तो उपचाराच्या आधीचा वेळ नसून उपचारच असतो. कारण त्या वेळात रोगी बोलत असतो.

चरकसंहितेतच वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या आहेत: सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती, आणि ज्याचा अंत जवळ आला आहे त्याच्याविषयी उपेक्षा. येथील उपेक्षेचा अर्थ दुर्लक्ष असा नाही. ती अनासक्त, स्थिर अशी मनोवृत्ती आहे. बौद्ध परंपरेतील चार ब्रह्मविहार, म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार विशाल भावना, आणि पतंजलीच्या योगसूत्रांतील याच नावांच्या चार भावना यांच्याशी ही यादी उघडपणे नाते सांगते. परंतु चरकाने मुदितेच्या जागी साध्य रोग्याविषयीची प्रीती ठेवून तिला वैद्यकाचे वळण दिले आहे. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, हे कोणालाही पटते. तिचा जवळचा शत्रू मात्र शोक आहे, म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच खचून जाणारी हळहळ, जी करुणेसारखीच दिसते आणि म्हणून ओळखू येत नाही.

उष्ण प्रदेशात नुकत्याच पोहोचलेल्या माणसाला या जवळच्या शत्रूपासून सर्वाधिक भय असते. वैशाख-ज्येष्ठात सातपुड्यात येणाऱ्याला बरगड्या दिसणारी गुरे, कानामागे गोचिडांचे घोस आणि कोरडे पडलेले नाले दिसतात, आणि मालकाच्या निष्काळजीपणाविषयीचे मत त्याच्या मनात पहिल्या तासातच तयार होते. वास्तविक त्या काळातील कृशता ही चाऱ्याच्या वार्षिक चक्राचा भाग असते. पहिल्या पावसानंतर गवत उगवले की तीच गुरे अंग धरतात, आणि जी गोष्ट पाहुण्याला हेळसांड वाटते ती पुष्कळदा घरातील माणसांच्याही ताटात असलेली टंचाईच असते. प्रीती साध्यावर ठेवावी या वचनाचे महत्त्व येथे कळते. घटसर्प आणि फऱ्या या जीवाणूजन्य रोगांच्या लसी, शेळ्यांना मारणाऱ्या पीपीआर या विषाणूजन्य रोगाची सुमारे तीन वर्षे संरक्षण देणारी लस, कोंबड्यांच्या मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस, आणि वेळेवर दिलेले जंतनाशक, या साध्या गोष्टींनी जेवढे दुःख टळते तेवढे शिबिरातील नेत्रदीपक शस्त्रक्रियांनी टळत नाही. बुळकांडी या एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे करणाऱ्या रोगाचे २०११मध्ये जगातून उच्चाटन जाहीर झाले, ते अशाच घरोघरच्या, कंटाळवाण्या लसीकरणामुळे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना योग्य देश, योग्य काळ, योग्य पात्र, आणि जो परतफेड करणार नाही अशाला दिलेले दान, या अटी घातल्या आहेत. यांतील काळाची अट नंदुरबारच्या संदर्भात विलक्षण बोचरी आहे. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी लागते, कारण तो रोग पावसाच्या दिवसांत उसळतो. शिबिरे मात्र बहुधा हिवाळ्यात भरतात, कारण त्या दिवसांत हवा सुखद असते, रस्ते कोरडे असतात आणि महाविद्यालयांना सुट्टी असते. त्याच हिवाळ्यात सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात आणि होळीच्या सुमारास परततात, म्हणजे शिबिराच्या दिवशी गोठ्यात जनावर असले तरी त्याची हकिकत सांगणारा माणूस घरी नसतो. परतफेडीची अटही तितकीच विचार करायला लावते. मुके जनावर वैद्याला काहीच परत देऊ शकत नाही, तेव्हा पशुवैद्यकीय सेवा हे निरपेक्ष दानाचे आदर्श उदाहरण वाटते. परंतु अनुभवाचे प्रमाणपत्र, छायाचित्रे आणि आपण चांगले आहोत या जाणिवेचा आनंद ही परतफेड शिबिर संपण्यापूर्वीच हाती पडलेली असते. ती घेण्यात पाप नाही. तिचा हिशेब दानाच्या खात्यात मांडणे मात्र खोटे ठरते.

याहून अवघड प्रश्न बळीचा आहे. पुढच्या आठवड्यात देवाला चढणार असलेल्या बकऱ्याच्या पायातील जखम आज स्वच्छ करून बांधण्यात काही अर्थ आहे काय, आणि बळीला विरोध असलेल्या पशुवैद्यकाने ती बांधताना काय बोलावे? १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या २८व्या कलमाने धर्माला आवश्यक अशा रीतीने केलेले प्राण्याचे हनन त्या कायद्याखालील गुन्ह्यातून वगळले आहे, पण कायद्याने वगळलेली गोष्ट विचारातून वगळली जात नाही. जैन परंपरेत या जातीच्या प्रश्नावर अतिशय कठोर चर्चा झाली. अठराव्या शतकात तेरापंथाची स्थापना करणाऱ्या आचार्य भिक्षूंनी लौकिक दया आणि लोकोत्तर दया असा भेद केला. प्राण वाचवणे ही लौकिक उपकाराची गोष्ट असून ती आपोआप आत्मशुद्धीचा धर्म ठरत नाही, हे त्यांचे मत आजही वादाचा विषय आहे. त्याच परंपरेतील इतरांनी गुजराती वैष्णव आणि पारशी दात्यांसह पांजरापोळ उभारले, आणि १८३४मध्ये मुंबईत सुरू झालेला पांजरापोळ हा त्याचा ठळक नमुना आहे. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी जखमेविषयीचे उत्तर एकच येते: वेदना आज आहे, ती सोसणारा जीव आज आहे, आणि त्याचे आयुष्य किती उरले आहे यावर त्याच्या आजच्या वेदनेचे मोल ठरत नाही. एरवी मरणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालण्यालाही अर्थ राहिला नसता.

शिवाय बळीचा प्रश्न सातपुड्यात बाहेरून आणण्याची गरज कधीच नव्हती. १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरात आणि खानदेशच्या पश्चिम भागापर्यंत पसरलेल्या देवी चळवळीत आदिवासी समाजांनी अंगात येणाऱ्या देवीच्या आज्ञेने दारू आणि मांस सोडले. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८मध्ये भिल्ल समाजात आरतीची चळवळ उभी केली, परस्परांना 'आप' असे आदराने संबोधण्यास शिकवले आणि मद्यमांसाचा त्याग करण्यास सांगितले. त्यामुळे मांसत्यागी घर आणि मान देणारे घर अशी दोन्ही मते आजही एकाच मुलखात शेजारी नांदू शकतात, आणि हा वाद त्या समाजाने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या संतांच्या तोंडून घातलेला आहे. त्यात चार दिवसांच्या पाहुण्याने पंच होऊ नये. त्याच्याकडे मात्र एक असे ज्ञान असते जे त्याने बळीकडे डोळेझाक केल्यास निरुपयोगी होते: प्रतिजैविक किंवा जंतनाशक औषध दिल्यानंतर त्या जनावराचे मांस वा दूध किती काळ वापरू नये याची मुदत असते, आणि औषधानुसार ती काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत जाते. बकरा कोणत्या तिथीला चढणार आहे हे विचारल्याशिवाय त्याला कोणते औषध द्यावे हे ठरवता येत नाही. ज्याला ती तिथी विचारण्याचीही किळस वाटते, तो पशुवैद्यक नैवेद्य खाणाऱ्या मुलांच्या पोटात औषधाचा अंश जाऊ देतो, आणि त्याची अहिंसा अशा प्रकारे दुसऱ्याच्या शरीरावर पडते.

चांगल्या हेतूने दिलेल्या औषधाचे फळ किती दूर जाऊ शकते, याचा सर्वांत भयंकर दाखला गिधाडांचा आहे. डायक्लोफिनॅक हे स्वस्त वेदनाशामक औषध गुराढोरांना दुखण्यातून आराम मिळावा म्हणून भारतीय उपखंडात सर्रास टोचले जात होते. ते टोचल्यानंतर मेलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे २००४मध्ये सिद्ध झाले, आणि २००६मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली होती. हे सारे क्रौर्याने घडले नाही. प्रत्येक टोचणीमागे एखाद्या बैलाचे कण्हणे थांबावे ही इच्छा होती, आणि त्या इच्छांची बेरीज एका पक्षिकुळाचा जवळजवळ अंत करून गेली. बौद्ध विचारात करुणेला प्रज्ञेची, म्हणजे गोष्टी एकमेकींवर कशा अवलंबून आहेत याच्या ज्ञानाची, जोड अपरिहार्य मानतात, ती याचसाठी. पाहुण्यावर ही जबाबदारी दुप्पट येते, कारण परिणाम दिसू लागतील तेव्हा तो तेथे नसणार.

नंदुरबार जिल्ह्याला मात्र पशुवैद्यकाचे आणखी एक रूप पाहावे लागले आहे, आणि ते टाळून करुणेची चर्चा प्रामाणिक होणार नाही. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा, म्हणजे एच५एन१ या विषाणूचा, पहिला प्रादुर्भाव नवापूर येथे जाहीर झाला. कुक्कुटपालनाच्या या केंद्रात ठिकठिकाणचे पशुवैद्यक आणि कर्मचारी अंगभर संरक्षक पोशाख घालून पोहोचले, आणि त्यांनी लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मोठ्या पोल्ट्रींबरोबर आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही त्यात गेल्या. फेब्रुवारी २०२१मध्ये नवापूरला तोच प्रकार पुन्हा घडला. विषाणू माणसांत आणि इतर पक्ष्यांत पसरू नये म्हणून हे करणे आवश्यक होते, याविषयी येथे शंका घ्यायची नाही. प्रश्न असा आहे की, जीव वाचवण्याचे शिक्षण घेतलेल्या हातांनी निरोगी पक्षी मारण्याच्या या कृत्याला धर्मविचारात कोणते स्थान आहे.

त्याच तालुक्यातील घरी देवाला कोंबडे चढते तेव्हा त्या मारण्याला एक रूप असते. दैवताचे नाव घेतले जाते, कशासाठी हे सांगितले जाते, आणि मांस वाटून खाल्ले जाते, म्हणजे घेतलेल्या प्राणाचे उत्तरदायित्व उपस्थित सर्वांत विभागले जाते. धर्मशास्त्रकारांनी नकळत झालेल्या प्राणिहत्येलाही प्रायश्चित्त सांगितले, ते मारणाऱ्याच्या मनावर त्या मृत्यूचा ठसा उमटून राहावा आणि तो पुसण्याची रीतही त्याला मिळावी म्हणून. कलिंगाच्या युद्धातील संहाराविषयीचा पश्चात्ताप अशोकाने शिलालेखात कोरून ठेवला, त्यामागेही हीच गरज दिसते. नवापूरच्या संहाराला असे कोणतेही रूप नव्हते. नुकसानभरपाईचा दर होता, खड्ड्याची खोली होती, चुना होता, पण मारणाऱ्यांनी त्यानंतर काय करावे हे सांगणारी रीत नव्हती. आधुनिक पशुवैद्यकशास्त्राने मारण्याचे तंत्र परिपूर्ण केले आणि त्याचे ओझे उचलण्याचा विधी मात्र कोठेही ठेवला नाही, ही त्याची खरी उणीव आहे. बळीला रानटी म्हणणाऱ्या सुशिक्षिताने या उणिवेपुढे क्षणभर थांबावे, इतकी ती मोठी आहे.

अशोकाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. गिरनार येथील त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन चिकित्सांची व्यवस्था स्वतःच्या राज्यात तसेच चोल, पांड्य, सातियपुत्र, केरळपुत्र, ताम्रपर्णी आणि यवनराजा अंतियोक यांच्या प्रदेशांपर्यंत केल्याचे नोंदले आहे. परमुलखातील जनावरांच्या उपचाराचा हा ज्ञात असलेल्या अतिप्राचीन उल्लेखांपैकी एक आहे. त्यात पाठवल्या गेलेल्या वैद्यांचा गौरव नाही. जेथे औषधी वनस्पती, मुळे आणि फळझाडे नव्हती तेथे ती आणून लावली, आणि वाटांवर माणसांसाठी व पशूंसाठी विहिरी खणल्या, असा तपशील आहे. गेलेला माणूस परत येतो, लावलेले मूळ तेथेच राहते. आजच्या सातपुड्यात असे राहणारे मूळ म्हणजे शेळ्यांची प्राथमिक काळजी घेण्याचे प्रशिक्षण मिळालेली गावातीलच पशुसखी, दवाखान्यातील पशुधन पर्यवेक्षक, लस थंड ठेवण्याची अखंड सोय, आणि १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारे फिरते पशुवैद्यकीय पथक. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, आणि जलाशयाच्या काठावरील काही पाड्यांपर्यंत अजूनही होडीनेच पोहोचावे लागते. तेथे बर्फाच्या पेटीतील लस थंड राहून पोहोचणे हीच करुणेची परीक्षा असते. पाहुण्याने आपले दिवस पशुसखीच्या हाताखाली तिच्या सोयीने घालवले, तिला टोचणीची खोली आणि मात्रा नीट शिकवली, आणि पुढच्या लसीची तारीख तिच्या वहीत तिच्याच अक्षरात उतरली, तर त्याच्या कर्माचे फळ योग्य ठिकाणी पोहोचले असे म्हणता येईल.

शेवटी चौथी वृत्ती, उपेक्षा, आणि तिच्याबरोबर येणारा मरणाचा प्रश्न उरतो. १९२८मध्ये साबरमती आश्रमातील एका असाध्य आजारी वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी विषाची सुई देऊन मरण दिले, आणि त्याविषयी लिहिल्यावर देशभरातून त्यांच्यावर संतापाची पत्रे आली. आपण हे अहिंसेतूनच केले असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला जीव देता येत नाही त्याने तो घेऊ नये, हा आक्षेप आश्रमातूनच आला होता. या वादात एक गोष्ट सहसा निसटते. वासरू आश्रमाचे होते, त्याची सेवा आश्रमवासीयांनीच केली होती, निर्णयापूर्वी त्यांच्याशी चर्चा झाली होती, आणि त्या निर्णयाची निंदा सोसायला गांधीजी तेथेच हजर होते. पाहुण्या पशुवैद्यकाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. कड्यावरून घसरून मांडीचे हाड मोडलेल्या बैलापुढे तो उभा राहतो तेव्हा बैल वाचणार नाही हे त्याला घरातल्यांपेक्षा अधिक चांगले कळते, पण त्या बैलाबरोबर नांगर धरलेला माणूस दुसरा असतो, आणि बैलाशिवायचा पावसाळा काढणाराही तोच असतो. अशा वेळी पाहुण्याच्या अधिकारात इतकेच येते की जे होणार आहे ते त्याने न लपवता आणि न घाई करता सांगावे, गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक द्यावे, घरातील वडीलधाऱ्यांना आणि त्यांची इच्छा असेल तर बडव्यालाही विचारविनिमयास वेळ द्यावा, आणि त्यांनी सुटकेचे मरण मागितले तर कायद्याच्या चौकटीत राहून ते स्वतःच्या हाताने द्यावे, ते काम मदतनिसावर ढकलू नये. त्यांनी नकार दिला तर वेदनाशामकाची पुढची मात्रा कोण देणार, हे गाव सोडण्यापूर्वी ठरवून त्याने निघावे.